श्रोणीतळाच्या व्यायामाचे बायोफीडबॅक यंत्र: कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये

शिंक आली, खोकल्याची उबळ आली, जिना उतरताना पाऊल जरा जोरात पडले किंवा मुलाला एकदम कडेवर उचलले की लघवीचे थेंब जाणे, ही तक्रार बाळंतपण झालेल्या असंख्य स्त्रिया वर्षानुवर्षे कोणाला न सांगता सहन करतात. या तक्रारीवर पहिला उपाय म्हणून जगभर जो व्यायाम सांगितला जातो तो श्रोणीतळाच्या, म्हणजेच पेल्विक फ्लोअरच्या स्नायूंचा. आणि तो बरोबर होतो आहे की नाही हे घरच्या घरी दाखवणारी छोटी बायोफीडबॅक यंत्रे आता आपल्याकडेही ऑनलाइन मागवता येतात. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला ही तक्रार सुरू झाली. पुण्यातील एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडून रीतसर तपासणी करून घेतल्यावर त्यांच्या सल्ल्याने मी असे एक यंत्र काही महिने नियमाने वापरले आणि त्या वापरातून बनलेले मत येथे मांडत आहे. यंत्राचे नाव मुद्दामच देत नाही, कारण याच घडणीची अनेक यंत्रे बाजारात आहेत, त्यांचे गुण आणि मर्यादा बहुतांशी सारख्याच आहेत, आणि विकत घेणारीने नावापेक्षा घडणीकडे आणि स्वतःच्या गरजेकडे पाहावे असे मला वाटते.

हे स्नायू कुठे असतात ते आधी सांगणे आवश्यक आहे, कारण शरीराच्या या भागाविषयी आपल्याला शाळेत किंवा घरात कोणी काही सांगितलेले नसते. पुढे जांघेच्या मधोमध असलेल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत हे स्नायू झोळीसारखे ताणलेले असतात आणि मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांचा भार ते तोलून धरतात. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदद्वार या स्नायूंतूनच बाहेर जात असल्यामुळे ती द्वारे आवळून धरण्याचे कामही त्यांच्याकडे असते. योनिमार्गे बाळंतपण होताना ते प्रचंड ताणले जातात, आणि चिमटा लावून बाळ काढावे लागले असेल तर हाडाजवळची त्यांची पकड सुटण्याचा धोका वाढतो. जुनाट बद्धकोष्ठ, न थांबणारा खोकला, वाढलेले वजन आणि पाळी गेल्यानंतरचे बदल या कारणांनीही ते दुबळे होतात. आपल्या बायका ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात त्या तक्रारीतही या आधाराच्या ढिलेपणाचा मोठा वाटा असतो. या स्नायूंतले बहुसंख्य तंतू दीर्घकाळ आधार देणारे असतात आणि थोडे तंतू शिंकेच्या क्षणी चटकन आवळणारे असतात. म्हणून व्यायामातही काही आकुंचने सावकाश धरून ठेवायची असतात आणि काही झटपट करून सोडायची असतात.

व्यायाम सांगायला सोपा आहे. लघवी आणि वायू एकाच वेळी रोखून धरायचा आहे असे समजून तो भाग आत आणि वर ओढायचा, काही सेकंद धरायचा आणि मग पूर्णपणे सैल सोडायचा, एवढेच त्याचे स्वरूप आहे. अडचण अशी की हात किंवा मांडीचा स्नायू डोळ्यांना दिसतो, हा स्नायू दिसत नाही. त्यामुळे पुष्कळ जणी नितंब आवळतात, मांड्या जुळवतात, पोट आत ओढतात किंवा श्वास कोंडून खाली जोर लावतात आणि आपण व्यायाम करतो आहोत अशा समजुतीत राहतात. १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन हे आकुंचन करायला सांगितले होते. त्यांपैकी निम्म्यांनाच ते योग्य रीतीने जमले, आणि चौघींमागे एकीची पद्धत तर अशी होती की तिने गळती वाढण्याचाच संभव होता. मासिकातला लेख वाचून किंवा व्हिडिओ पाहून व्यायाम करणाऱ्या आणि ‘मला काही फरक पडला नाही’ म्हणून सोडून देणाऱ्या स्त्रियांची निराशा या आकड्यांवरून समजू शकते.

बायोफीडबॅक यंत्र ही अडचण सोडवण्यासाठी आहे, आणि ही कल्पना मोबाइलइतकी नवी नाही. लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या व्यायामाविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी व्यायामाबरोबर पेरिनिओमीटर नावाचे साधनही वापरले होते. योनिमार्गात ठेवायची हवेची एक छोटी पिशवी, तिला जोडलेली नळी आणि नळीच्या टोकाला दाब दाखवणारी तबकडी अशी त्याची रचना होती. स्त्रीने आकुंचन केले की काटा हलत असे, आणि आपण करतो ते बरोबर आहे हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असे. पुढे ‘केगल व्यायाम’ हे नाव जगभर गेले, साधन मात्र मागे राहिले. आजची यंत्रे त्याच तत्त्वावर बेतलेली आहेत. तबकडीच्या जागी मोबाइलचा पडदा आला आहे, एवढाच मुख्य फरक आहे.

मी वापरलेले यंत्र अंगठ्यापेक्षा थोडे मोठे, मऊ सिलिकॉनचे वेष्टन असलेले आणि आत दाब मोजणारा संवेदक असलेले आहे. ते योनिमार्गात ठेवायचे आणि त्याची बारीक शेपटी बाहेर राहू द्यायची. यंत्र काढण्यासाठी ती लागतेच, शिवाय ब्लूटूथचा संदेश शरीरातून नीट बाहेर येत नसल्यामुळे मोबाइलशी संपर्क राखण्याचे कामही तीच करते. प्रत्येक वेळी सुरुवातीला स्नायू सैल असतानाचा दाब आणि पूर्ण ताकदीने केलेल्या आकुंचनाचा दाब यंत्र नोंदवून घेते आणि त्या दोन मर्यादांच्या मध्ये त्या दिवसाचा व्यायाम बसवते. मग पडद्यावर एक आकृती दिसते. आकुंचन केले की ती वर जाते, सोडले की खाली येते, आणि तिला ठरावीक मार्गावरून न्यायचे असते. पाचेक मिनिटांत एक सत्र संपते.

पहिल्याच सत्रात या साधनाचे मोल माझ्या लक्षात आले, आणि ते मोल ताकद वाढवण्याचे नव्हते. आकुंचन सुरू झाल्यावर आकृती वर गेली, पण दोन-तीन सेकंदांतच ती हळूहळू खाली घसरू लागली. मला मात्र आतून असेच वाटत होते की मी अजून पूर्ण ताकदीने धरून ठेवले आहे. स्नायू थकून सुटतो आणि मनाला ते कळत नाही, ही गोष्ट तपासणीच्या वेळी बाईंनी मला सांगितली होती, पण घरी रोजच्या रोज ती समोर दिसत राहिल्यामुळे माझ्या व्यायामाला खरी दिशा मिळाली. दहा सेकंद धरण्याचा हट्ट सोडून जेवढा वेळ रेषा स्थिर राहते तेवढाच वेळ धरायचे आणि हळूहळू तो वेळ वाढवत न्यायचा, हे अनुमानाने जमले नसते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट सैल सोडण्याची आहे. आकुंचनानंतर रेषा मूळ पातळीवर यायला किती वेळ लागतो, ती पूर्ण खाली येते की मध्येच अडकून राहते, हे यंत्र स्पष्ट दाखवते. आपल्याकडे या व्यायामाचा सगळा भर आवळण्यावर दिला जातो. पण जो स्नायू सैल होत नाही तो पुढच्या वेळी नीट आवळूही शकत नाही, आणि सतत ताणलेल्या श्रोणीतळामुळे ओटीपोटात दुखणे, संबंधाच्या वेळी वेदना होणे किंवा लघवी पूर्ण न होणे अशा वेगळ्याच तक्रारी उभ्या राहतात. दिवसभराच्या धावपळीनंतर यंत्र लावले की माझी सैल अवस्थेतली पातळीच वर असल्याचे दिसत असे, आणि काही मिनिटे पोटाने सावकाश श्वास घेतल्यावर ती उतरताना दिसे. एकाही आकुंचनाशिवाय मिळालेला हा धडा या यंत्राची सर्वात मोठी देणगी आहे असे मी मानते. योगवर्गात मूलबंध शिकलेल्या स्त्रियांना आकुंचनाची कल्पना आधीपासून असते, पण सोडण्याची क्रिया पूर्ण होते की नाही हे त्यांनाही येथे प्रथमच पाहायला मिळेल.

आता मर्यादांकडे वळते. त्यांतली पहिली मर्यादा मुळाशी जाणारी आहे. केवळ दाब मोजणारे यंत्र हा दाब कुठून आला हे ओळखू शकत नाही. यंत्र आत असताना नुसते खोकून पाहिले, तरी रेषा झपकन वर जाते. श्वास कोंडून खाली जोर लावला तरीही ती वर जाते. कारण पोटातला दाब वाढला की योनिमार्गातला दाबही वाढतो. म्हणजे सर्वात हानिकारक चूक करणाऱ्या स्त्रीलाही यंत्र उत्तम गुण देऊ शकते, आणि खेळ जिंकल्याच्या आनंदात ती तीच चूक रोज अधिक जोराने करत राहण्याचा धोका आहे. हा दोष मला फार गंभीर वाटतो. काही उत्पादकांनी त्यावर उपाय शोधले आहेत. ब्रिटनच्या एल्वी यंत्रात दाबाबरोबर हालचालही टिपणारा संवेदक आहे, तर अमेरिकेत विकसित झालेले लेव्हा हे यंत्र आकुंचनाच्या वेळी श्रोणीतळ किती वर उचलला जातो हे हालचालीवरून मोजते. यंत्र घेण्याचे ठरलेच असेल, तर ‘आत ओढणे’ आणि ‘खाली ढकलणे’ यांतला फरक ते कसे ओळखते, हा प्रश्न विक्रेत्याला सर्वांत आधी विचारावा.

या दोषावर घरच्या घरी काही खुणांनी मात करता येते. आकुंचन करताना एक हात बेंबीच्या वर ठेवावा. पोट फुगत असेल किंवा टणक होत असेल तर पद्धत चुकते आहे. मोठ्याने आकडे मोजत आकुंचन करावे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. यंत्राच्या बाहेर राहिलेल्या शेपटीकडे हातआरसा धरून पाहता येते. बरोबर आकुंचनात यंत्र आत खेचले जाते, आणि ते बाहेर सरकत असेल तर आपण ढकलतो आहोत हे निश्चित समजावे. ही आरशाची खूण बाईंनी दाखवली होती, आणि मला ती ॲपमधल्या सर्व आलेखांपेक्षा अधिक भरवशाची वाटते. लघवी करताना धार मध्येच रोखण्याची जी जुनी युक्ती सांगितली जाते, ती स्नायू ओळखण्यापुरती एखाद्या वेळी ठीक आहे. व्यायाम म्हणून ती रोज करू नये, कारण त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्याच्या क्रियेत बिघाड होऊ शकतो.

दुसरी मर्यादा आकड्यांची आहे. ॲप रोज एक गुणसंख्या देते, आणि ती कालच्यापेक्षा कमी झाली की मन खट्टू होते. वास्तविक यंत्र थोडे आत-बाहेर बसले, मूत्राशय भरलेले असले, पाळीचे दिवस जवळ आले, आडवे पडण्याऐवजी बसून व्यायाम केला, यांपैकी कशानेही ही संख्या बदलते. एका यंत्राच्या गुणांची दुसऱ्या यंत्राच्या गुणांशी तुलना होऊ शकत नाही, आणि मैत्रिणीच्या गुणांशी तर मुळीच नाही. मी पुढे रोजची संख्या पाहणेच बंद केले आणि महिन्याचा कल तेवढा पाहू लागले. खरा मापदंड यंत्राबाहेर आहे: पॅड किती वेळा बदलावा लागतो, शिंकताना पाय आवळून थांबावे लागते का, आणि गाण्याच्या किंवा व्यायामाच्या वर्गाला जाताना मनात भीती असते का.

यंत्राने तक्रार लवकर बरी होते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र जाहिरातींपेक्षा संशोधनात शोधावे लागते, आणि ते उत्तर विक्रेत्यांना फारसे सोयीचे नाही. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील २३ केंद्रांवर ६०० स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला आणि तो २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांनी फक्त व्यायाम केला. उरलेल्यांनी तोच व्यायाम स्नायूंतील विद्युतक्रिया टिपणाऱ्या बायोफीडबॅक यंत्रासह, दवाखान्यात आणि घरीही केला. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा लघवीच्या गळतीच्या तीव्रतेत दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता; सुधारणा दोन्हीकडे साधारण सारखीच होती. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही, ताणाने (म्हणजे खोकणे, शिंकणे, ओझे उचलणे अशा वेळी) होणाऱ्या गळतीवर किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम हा पहिला उपचार सांगितला आहे, दिवसातून तीन वेळा प्रत्येकी किमान आठ आकुंचने असे त्याचे प्रमाण दिले आहे, आणि बायोफीडबॅक सरसकट वापरू नये असे म्हटले आहे.

व्यायामाची बाजू मात्र भक्कम आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१८ मधील पुनरावलोकनात १४ देशांतील ३१ चाचण्या आणि १,८१७ स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली. ताणाने होणारी गळती असलेल्या स्त्रियांपैकी व्यायाम केलेल्या गटात ५६ टक्के जणींनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले, तर व्यायाम न केलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. कोणत्याही साध्या, फुकट आणि घरी करता येणाऱ्या उपायाच्या बाबतीत इतका मोठा फरक क्वचित दिसतो, आणि शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी प्रत्येक स्त्रीला ही माहिती मिळायला हवी असे मला मनापासून वाटते.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून मी जे समजले ते असे. ब्रिटनच्या त्या अभ्यासात दोन्ही गटांतील स्त्रियांना प्रशिक्षित व्यक्तीने तपासले होते, आकुंचन बरोबर होते का ते पाहिले होते आणि सोळा आठवड्यांत अनेक भेटी देऊन त्यांचा व्यायाम पुढे नेला होता. इतके उत्तम मार्गदर्शन मिळणाऱ्या स्त्रीला यंत्र आणखी काही देत नाही, एवढे त्यातून सिद्ध होते. पुण्या-मुंबईत स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट शोधल्या तर सापडतात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या स्त्रीला तशी व्यक्ती बहुधा मिळत नाही, आणि मिळाली तरी महिन्यातून दोनदा प्रवास करणे तिला शक्य नसते. अशा स्त्रीने एकदा शहरात येऊन नीट तपासणी करून घेतली आणि त्यानंतर घरी यंत्राचा आधार घेतला, तर दोन भेटींच्या मधल्या काळात पद्धत बिघडू न देण्याचे काम ते करू शकेल. तपासणीशिवाय नुसते यंत्र मागवणे मात्र मला पटत नाही, कारण वर सांगितलेला ढकलण्याचा दोष यंत्राच्या लक्षात येईलच असे नाही.

ॲपमध्ये मला न सापडलेली आणि तरीही सर्वांत लवकर उपयोगी पडलेली एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे. खोकला किंवा शिंक येणार असे जाणवताच, तिच्या क्षणभर आधी श्रोणीतळ आवळून घ्यायचा आणि शिंक संपेपर्यंत तो सोडायचा नाही. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की सौम्य ते मध्यम गळती असलेल्या ज्येष्ठ स्त्रियांना ही युक्ती शिकवल्यावर आठवड्याभरातच खोकताना होणारी गळती बरीच कमी झाली. एका आठवड्यात स्नायू बळकट होत नाही. म्हणजे हा परिणाम ताकदीचा नसून वेळ साधण्याचा होता. पाण्याची कळशी किंवा गॅसचा सिलिंडर उचलताना, बसल्या जागेवरून उठताना आणि हसू फुटण्याआधीही ही सवय लावता येते. यंत्र लावून, पलंगावर पडून, पडद्याकडे पाहत केलेले आकुंचन हे उभे राहून, हातात ओझे असताना करायच्या आकुंचनापेक्षा पुष्कळ सोपे असते; म्हणून आडवे, मग बसून, मग उभे राहून असा क्रम लावणे आणि शेवटी यंत्र बाजूला ठेवून दैनंदिन कामात तो स्नायू वापरणे आवश्यक आहे. बहुतेक ॲप पडद्यासमोरच्या खेळातच गुंतवून ठेवतात, ही त्यांची मोठी उणीव आहे.

घरात वापरताना येणाऱ्या अडचणीही विचारात घ्याव्यात. एकत्र कुटुंबात किंवा दोन खोल्यांच्या घरात रोज पाच-दहा मिनिटे दार लावून घेणे सोपे नाही, आणि धुतलेले यंत्र वाळत कुठे ठेवायचे हा प्रश्नही उरतो. माझ्या यंत्राची झाकण असलेली डबी त्यासाठी सोयीची ठरली, पण यंत्र पूर्ण कोरडे झाल्याशिवाय ती बंद करू नये. धुण्यासाठी साधा सौम्य साबण आणि पाणी पुरते. उकळत्या पाण्यात घालू नये किंवा जंतुनाशक द्रवात बुडवू नये, त्याने सिलिकॉन आणि संवेदक दोन्ही बिघडू शकतात. आत ठेवताना कोरडेपणा जाणवला, विशेषतः स्तनपानाच्या काळात किंवा पाळी गेल्यानंतर, तर पाण्यावर आधारित वंगण वापरावे. आपल्याकडे हात आपोआप खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो, पण उत्पादक तेल वापरू नये असेच सांगतात. हे साधन एका स्त्रीचेच असते. बहिणी-बहिणींनी किंवा जावा-जावांनी मिळून घेण्याची ही वस्तू नाही.

काही स्त्रियांनी ते वापरूच नये. गरोदरपणात आतले यंत्र टाळण्याची सूचना उत्पादक देतात. बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे, म्हणजे आपल्या सव्वा महिन्याच्या थोडे पुढे, आणि डॉक्टरांनी टाके व जखम तपासून परवानगी देईपर्यंत योनिमार्गात काहीही ठेवू नये. यंत्राविना हलकी आकुंचने मात्र डॉक्टरांना विचारून त्याआधी सुरू करता येतात. संसर्ग असेल, अनाकलनीय रक्तस्राव होत असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा अंग बाहेर येण्याची तक्रार पुढच्या टप्प्यात असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. ज्यांना ओटीपोटात सतत दुखते किंवा आत काही ठेवताच वेदना होतात, त्यांच्या स्नायूंना बळकटीची नव्हे तर शिथिल होण्याची गरज असण्याचा संभव आहे. अशा वेळी आवळण्याचे खेळ खेळल्याने दुखणे वाढू शकते. लघवीत रक्त दिसणे, लघवी अडणे किंवा पायांत बधिरपणा येणे ही लक्षणे व्यायामाने हाताळायची नसतात. ज्यांना योनिमार्गात काही ठेवणे नकोसे वाटते, त्यांनीही स्वतःवर जबरदस्ती करू नये, कारण व्यायामाचा लाभ यंत्राविनाही पूर्ण मिळतो.

खर्चाचा विचार शेवटी करते, कारण तो इतर सर्व गोष्टी कळल्यावरच करता येतो. परदेशातून येणाऱ्या चांगल्या यंत्रासाठी मला पाच आकडी रक्कम मोजावी लागली, आणि शहरातल्या फिजिओथेरपिस्टच्या अनेक भेटी तेवढ्यात होतात. म्हणून पहिला खर्च तपासणीवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तपासणीत आकुंचन बरोबर जमत असल्याचे दिसले आणि रोज तीन वेळा व्यायाम करण्याची शिस्त असली, तर यंत्र घेण्याची गरज नाही. मोबाइलमधील साधी आठवण पुरेशी आहे. आकुंचन जाणवतच नसेल, किंवा जाणवते पण किती वेळ टिकते आणि पूर्ण सुटते का याचा अंदाज येत नसेल, तर यंत्र उपयोगी पडेल. त्यातही स्वस्त पर्याय आहेत: ब्रिटनमध्ये एज्युकेटर नावाचे एक साधे प्लास्टिकचे साधन मिळते, ज्याची बाहेर राहणारी काडी आकुंचन बरोबर झाले की एका दिशेला आणि चुकले की उलट दिशेला झुकते. त्याला ना बॅटरी लागते, ना ॲप. स्वच्छ धुतलेले स्वतःचे बोट आणि हातआरसा यांनीही हीच माहिती बऱ्याच प्रमाणात मिळते, आणि त्यांना काहीच खर्च नाही.

ॲपवर चालणारे यंत्र घेताना दोन गोष्टी विकत घेण्यापूर्वीच तपासाव्यात. हे साधन वैयक्तिक स्वच्छतेचे असल्यामुळे पाकीट उघडल्यावर ते बहुधा परत घेतले जात नाही. त्यामुळे आपल्या मोबाइलवर ॲप चालते का, मोबाइलचे सॉफ्टवेअर किती जुने चालेल, आणि बाळंतपणे, वय, तक्रारी अशी जी खासगी माहिती ॲप विचारते ती न देता यंत्र वापरता येते का, हे आधी पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीचे भवितव्य. या क्षेत्रातील नावाजलेली एल्वी कंपनी २०२५ मध्ये आर्थिक संकटात सापडली आणि तिचा व्यवसाय अमेरिकेच्या विलो कंपनीने विकत घेतला. यंत्राचा पडदा दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असेल, तर ती सेवा थांबताच चांगले चालणारे यंत्रही निरुपयोगी होऊ शकते. इंटरनेट किंवा खाते नसतानाही निदान दाबाची रेषा दाखवू शकेल असेच यंत्र निवडावे, आणि विक्रेत्याकडून तसे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.